तिसरा डाव : मागची खोली, काळी मोहरी आणि १६ जुलै १९७२

१/
१६ जुलै १९७२, रविवार. आइसलँडची राजधानी रेक्याविक. बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातील तिसरा डाव मोठ्या क्रीडागृहातील रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर व्हायचा होता. प्रत्यक्षात तो झाला मागच्या बाजूच्या एका लहानशा खोलीत, जिथे एरवी टेबल टेनिस खेळले जात असे. खोलीत दोन खेळाडू, मुख्य पंच आणि मधोमध पट. पांढरी मोहरी जगज्जेता बोरिस स्पास्की याच्याकडे, काळी मोहरी आव्हानवीर बॉबी फिशर याच्याकडे. डाव काळ्याने जिंकला.

आजचा धागा या एका डावाविषयी. थोडा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
या सामन्याची कथा सहसा दोन प्रकारे सांगितली जाते. पहिला प्रकार शीतयुद्धाचा : एकटा अमेरिकन तरुण विरुद्ध सोव्हिएत राज्ययंत्रणा. दुसरा प्रकार प्रतिभेचा : अकराव्या चालीला फिशरने पाठ्यपुस्तके झुगारून घोडा पटाच्या काठावर नेला आणि जग थक्क झाले.

दोन्ही कथा खऱ्या आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. त्या दिवशी दोन निर्णय झाले. एक पांढऱ्याने डावाआधी घेतला, दुसरा काळ्याने पटावर घेतला. निकाल लागल्यावर एकाला चूक म्हटले गेले आणि दुसऱ्याला अलौकिक. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे दोन्ही शिक्के तपासून पाहिले पाहिजेत.

३/
आधी पार्श्वभूमी. १९४८ मध्ये मिखाइल बोट्विनिक जगज्जेता झाला. त्यानंतर हा किताब सोव्हिएत संघाबाहेर गेलाच नव्हता. बोट्विनिक, स्मिस्लोव्ह, ताल, पेट्रोस्यान आणि १९६९ पासून स्पास्की. सोव्हिएत संघात बुद्धिबळ हा राज्यपुरस्कृत खेळ होता. लहान मुलांच्या मंडळांपासून ते पगारी प्रशिक्षकांपर्यंत एक सबंध व्यवस्था त्यामागे उभी होती. जगज्जेतेपद हा त्या व्यवस्थेच्या श्रेष्ठतेचा पुरावा मानला जाई. त्यामुळे किताब गमावणे ही केवळ एका खेळाडूची हार ठरणार नव्हती.

४/
समोर होता रॉबर्ट जेम्स फिशर. जन्म १९४३, शिकागो, बालपण ब्रुकलिनमध्ये. चौदाव्या वर्षी अमेरिकेचा विजेता, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर. १९७१ च्या आव्हानवीरांच्या लढतींत त्याने सोव्हिएत ग्रँडमास्टर मार्क तैमानोव्ह याला ६–० असे हरवले. पाठोपाठ डेन्मार्कच्या बेंट लार्सनलाही ६–०. मग माजी जगज्जेता तिग्रान पेट्रोस्यान याला ६.५–२.५. या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. तिथे सलग दोन सामने एकही अर्धा गुण न देता जिंकणे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

५/
स्पास्कीचा जन्म १९३७ चा, लेनिनग्राडमधला. युद्धात शहराला वेढा पडला तेव्हा ज्या मुलांना बाहेर हलवण्यात आले, त्यांत तो होता. स्वभावाने मोकळा, उमदा आणि सोव्हिएत मापाने काहीसा अवघड गृहस्थ. तो कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य नव्हता. पटावर त्याची ख्याती कोणत्याही प्रकारची स्थिती सहजपणे खेळू शकणारा खेळाडू अशी होती. पुढे जे घडले ते समजण्यासाठी त्याचा हा मोकळा स्वभाव लक्षात ठेवावा लागेल.

६/
आता एक आकडा, जो या कथेत फारसा सांगितला जात नाही. रेक्याविकपूर्वी दोघे पाच वेळा समोरासमोर आले होते. स्पास्कीने तीन डाव जिंकले, दोन बरोबरीत सुटले. फिशरच्या नावावर एकही विजय नव्हता. १९६० मध्ये मार देल प्लाता, १९६६ मध्ये सांता मोनिका, १९७० मध्ये झीगेन : फिशरचे तिन्ही पराभव काळी मोहरी घेऊन झाले होते.

पहिली चाल पांढऱ्याची असते, म्हणून त्याला अर्ध्या पावलाची आघाडी मिळते. जगज्जेतेपदाच्या पातळीवर हे अर्धे पाऊलही जड असते. काळ्याने बरोबरी राखली तरी पुष्कळ, असा तिथला हिशेब.

७/
सामना २४ डावांचा होता. विजयाचा १ गुण, बरोबरीचा अर्धा. किताब राखण्यासाठी स्पास्कीला १२ गुण पुरेसे होते, फिशरला मात्र १२.५ हवे होते. १ जुलैला उद्घाटन समारंभ झाला तेव्हा एक खुर्ची रिकामी होती. फिशर आलाच नव्हता. बक्षिसाची रक्कम आणि इतर अटींवरून तो न्यूयॉर्कमध्ये अडून बसला होता.

८/
जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष, स्वतः माजी जगज्जेते असलेले मॅक्स युवे यांनी सामना पुढे ढकलला. जिम स्लेटर या ब्रिटिश धनिकाने आपल्या खिशातून ५०,००० पौंड देऊ केले आणि १,२५,००० डॉलरचे बक्षीस दुप्पट झाले. अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांनी दूरध्वनी करून फिशरला खेळण्याचा आग्रह केला. अखेर ४ जुलैला फिशर आइसलँडमध्ये उतरला. सोव्हिएत बाजूने निषेध नोंदवला. फिशरला लेखी माफी मागावी लागली. पहिला डाव सुरू व्हायला ११ जुलै उजाडला.

९/
पहिला डाव. स्पास्की पांढरा, फिशर काळा. खेळ शांतपणे बरोबरीकडे चालला होता. तेवढ्यात एकोणतिसाव्या चालीला फिशरने उंटाने एच२ वरचे प्यादे खाल्ले. पुढच्याच चालीत पांढऱ्याने आपले एक प्यादे एक घर सरकवले आणि उंटाची परतीची वाट बंद झाली. एका प्याद्यासाठी उंट अडकवून घेण्याची ही चाल फिशरच्या हातून कशी झाली, यावर आजही वाद होतात. डाव तहकूब झाला आणि दुसऱ्या दिवशी फिशर हरला. स्पास्कीविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी झालेला हा त्याचा चौथा पराभव.

१०/
दुसऱ्या डावात पांढरी मोहरी फिशरकडे होती. पण तो सभागृहात आलाच नाही. सामन्याच्या चित्रीकरणाचे हक्क चेस्टर फॉक्स या निर्मात्याला दिलेले होते. त्या कॅमेऱ्यांचा आपल्याला त्रास होतो, ते काढल्याशिवाय खेळणार नाही, असे फिशरचे म्हणणे होते. १३ जुलैला घड्याळ सुरू झाले. नियमाप्रमाणे एक तास वाट पाहण्यात आली. समोरची खुर्ची रिकामीच राहिली. मुख्य पंच लोथार श्मिड यांनी डाव स्पास्कीच्या नावे जाहीर केला. फिशरचे अपील फेटाळले गेले. गुणसंख्या २–०.

११/
इथे क्षणभर थांबून पटाबाहेरची स्थिती पाहू.

स्पास्की दोन गुणांनी पुढे. किताब राखण्यासाठी उरलेल्या २२ डावांतून त्याला फक्त १० गुण हवे होते. फिशर परतीच्या विमानाची चौकशी करीत होता. आणखी एक डाव तो आला नसता, तर सामना बहुधा तिथेच संपला असता. स्पास्कीला काहीही करण्याची गरज नव्हती. नियमांवर बोट ठेवून तो शांत बसला असता, तरी किताब त्याच्याकडेच राहिला असता.

१२/
मॉस्कोची इच्छाही काहीशी तशीच होती. सामन्याच्या सुरुवातीच्या त्या दिवसांत सोव्हिएत क्रीडा समितीचे प्रमुख सर्गेई पावलोव्ह यांनी स्पास्कीशी दूरध्वनीवरून बोलून कठोर भूमिका घेण्याचा आग्रह धरला होता. सामना मोडला तर मोडू दे, असा त्याचा अर्थ होता. स्पास्की बधला नाही. तो खेळायला आला होता.

हा नकार फुकटचा नव्हता. वर्षभरापूर्वी ०–६ ने हरलेल्या तैमानोव्हचे काय झाले, हे स्पास्कीला ठाऊक होते. मायदेशी परतताच सीमाशुल्क तपासणीत त्याच्याकडे सोल्झेनित्सिनचे पुस्तक सापडले. ते निमित्त झाले. मानमरातब काढून घेण्यात आले आणि परदेश प्रवास बंद झाला.

१३/
फिशरने नवी अट घातली : तिसरा डाव प्रेक्षक आणि कॅमेरे यांच्यापासून दूर, मागच्या खोलीत व्हावा. श्मिड यांनी स्पास्कीला विचारले. स्पास्की हो म्हणाला. बदल्यात त्याने काही मागितले नाही.

हा त्या दिवसाचा पहिला निर्णय, आणि तो पांढऱ्याने घेतला. बुद्धिबळाच्या इतिहासातील या सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या सामन्यातील बहुधा सर्वांत महत्त्वाची चाल पटावर खेळली गेलीच नाही. ती एका होकारात होती.

१४/
खोलीत गेल्यावरही शांतता नव्हती. बाहेरच्या प्रेक्षकांना डाव पडद्यावर दिसावा म्हणून तिथे एक कॅमेरा बसवला होता. तो दिसताच फिशर पंचांवर ओरडू लागला. स्पास्की अस्वस्थ झाला. हे असेच चालणार असेल तर मी रंगमंचावर जाऊन खेळतो, असे म्हणू लागला. श्मिड स्वतः ग्रँडमास्टर, दोघांनाही ओळखणारे. त्यांनी दोघांना खांद्याला धरून खुर्च्यांवर बसवले आणि खेळायला सांगितले, असे तेथील वृत्तान्तांत नोंदले आहे. स्पास्कीने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. डाव सुरू झाला.

१५/
फिशरचे पहिले उत्तर : घोडा एफ६ वर. अशा प्रारंभांच्या कुळाला ‘इंडियन’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरविरुद्ध अशा पद्धतीने खेळत. त्या डावांशी या नावाचा संबंध जोडला जातो.

तिसऱ्या चालीनंतर डाव ‘मॉडर्न बेनोनी’ या वाटेला लागला. ‘बेन ओनी’ म्हणजे हिब्रूत ‘दुःखाचा पुत्र’. आरोन राइंगानुम या जर्मन लेखकाने आपल्या १८२५ च्या बुद्धिबळविषयक पुस्तकाला हे नाव दिले होते. उदास मनःस्थितीत तो या खेळाच्या अभ्यासात रमत असे. ०–२ ने मागे पडलेल्या खेळाडूने हीच वाट धरावी, हा एक योगायोग.

१६/
बेनोनीत काळा मध्यातली जागा पांढऱ्याला देतो आणि त्या बदल्यात हालचालीचे स्वातंत्र्य घेतो. हा प्रारंभ धोक्याचा मानला जातो. बरोबरी हवी असणारा सहसा त्याच्या वाटेला जात नाही. फिशरला बरोबरी नको होती.

दहाव्या चालीपर्यंत सगळे परिचयाचे होते. दोन्ही राजांचा किल्लेकोट झाला होता. अकराव्या चालीला स्पास्कीने वजीर सी२ वर आणला. आणि फिशरने एफ६ वरचा घोडा उचलून पटाच्या उजव्या काठावर, एच५ या घरात ठेवला.

१७/
या चालीत धक्कादायक काय होते?

ज्यांना खेळाची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो. एच५ हे घर पांढऱ्या उंटाच्या थेट माऱ्यात होते. उंटाने घोडा खाल्ला की काळ्याला जी स्तंभातल्या प्याद्याने उंट परत खावा लागणार. म्हणजे राजासमोरची तटबंदी फुटणार, एच स्तंभात दोन प्यादी एकामागे एक अडकणार. स्वतःच्या राजापुढची प्यादी मोडू नयेत आणि घोडा काठावर नेऊ नये, हे धडे नवशिक्याला पहिल्या आठवड्यात दिले जातात. फिशरने दोन्ही एकाच चालीत मोडले.

१८/
पण चालीमागे हिशेब होता. पांढऱ्याने घोडा खाल्ला तर त्याचा पांढऱ्या घरांतून फिरणारा उंट पटावरून जाणार. त्या घरांची राखण करणारे मोहरे नाहीसे होणार. शिवाय काळ्याचा दुसरा घोडा ई५ आणि तिथून जी४ असा पांढऱ्या राजाच्या अंगणात उतरू शकत होता. मोडलेल्या प्याद्यांच्या बदल्यात काळ्याला चढाईचा पुढाकार मिळत होता. सौदा चांगला की वाईट, हे पुढच्या चालींवर ठरणार होते.

१९/
स्पास्कीने उंटाने घोडा खाल्ला. मग त्याने एक घोडा सी४ वर नेला, तिथून ई३ वर आणला. काळ्याचा वजीर एच४ वर येऊन उभा राहिला, घोडा जी४ वर उतरला. सोळाव्या चालीला स्पास्कीने तो घोडा खाल्ला आणि फिशरने एच५ वरच्या प्याद्याने परत मारून घेतले.

आता पट पाहा. अडकलेल्या जोडप्यातले पुढचे प्यादे आपोआप जी४ वर आले आणि जोडप्याची गाठ सुटली. काळ्याची जी उणीव म्हणायची होती, ती पांढऱ्याने आपल्याच हाताने दुरुस्त करून दिली. गेलेला उंट मात्र परत येणार नव्हता.

२०/
पुढचे तास संथ कुचंबणेचे होते. फिशरने वजिराच्या बाजूची प्यादी पुढे सरकवली. सव्विसाव्या चालीला स्पास्कीने बी स्तंभातले प्यादे बी४ वर रेटले. उत्तरादाखल काळ्याचे प्यादे सी४ वर गेले आणि त्याच्यापुढे अडवायला पांढऱ्याचे एकही प्यादे उरले नाही. ई स्तंभात दोघांचेही हत्ती समोरासमोर. पांढऱ्याची सारी ताकद ई४ वरचे एक प्यादे राखण्यात गुंतलेली. स्पास्कीचा हत्ती ई२ वरून ई३ वर, पुन्हा ई२ वर, पुन्हा ई३ वर असा येरझाऱ्या घालत राहिला.

२१/
एकतिसाव्या चालीला फिशरने आपला जी७ वरचा, काळ्या घरांतला बलाढ्य उंट देऊन सी३ वरचा घोडा मारला. बेनोनी खेळणारे हा उंट जिवापाड जपतात. पण तोच घोडा ई४ च्या प्याद्याचा मुख्य रक्षक होता. तो गेला आणि पुढच्याच चालीला प्यादेही गेले. मग हत्तींची सफाई झाली. उरले दोन्हीकडचे वजीर आणि दोन भिन्न रंगांचे उंट. पांढऱ्याचा उंट काळ्या घरांतला, फिशरचा पांढऱ्या घरांतला. बाराव्या चालीला गेलेल्या उंटाची उणीव आता प्रत्येक चालीत जाणवू लागली. पांढऱ्या घरांतून काळा येत होता आणि त्याला अडवणारे कोणी नव्हते.

२२/
काळ्या वजिराने पहिल्या ओळीत शिरकाव केला. पांढरा राजा उघड्यावर आला. स्पास्कीच्या एकेचाळिसाव्या चालीनंतर डाव तहकूब झाला. त्या काळी तहकुबीच्या वेळी ज्याची पाळी असे, तो आपली चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करी आणि पाकीट पंचांकडे राही. पाळी फिशरची होती. त्याने लिहिले : उंट डी३, शह.

दुसऱ्या दिवशी श्मिड यांनी पाकीट उघडले. स्पास्कीने चाल पाहिली आणि हार मान्य केली. फिशर तोवर सभागृहात पोहोचलाही नव्हता.

२३/
स्पास्कीविरुद्ध फिशरचा हा आयुष्यातला पहिला विजय. गुणसंख्या फक्त २–१ झाली होती, पण नंतरचा प्रवाह पाहा. चौथ्या डावापासून खेळ पुन्हा मोठ्या सभागृहात सुरू झाला. दहाव्या डावाअखेर फिशर ६.५–३.५ असा पुढे होता. २१ डावांत सामना संपला : १२.५–८.५. फिशरच्या सात विजयांपैकी चार काळ्या मोहऱ्यांनी आले : तिसरा, पाचवा, तेरावा आणि निर्णायक एकविसावा डाव. ज्या रंगाने तो स्पास्कीकडून सतत हरत आला होता, त्याच रंगाने त्याने किताब जिंकला.

२४/
हरणाऱ्या बाजूला कारण हवे असते. ऑगस्टमध्ये स्पास्कीचे सहायक येफिम गेलर यांनी जाहीर निवेदन काढले : जगज्जेत्यावर इलेक्ट्रॉनिक किंवा रासायनिक साधनांनी प्रभाव टाकला जात असावा. आइसलँडच्या अधिकाऱ्यांनी सभागृह तपासले. खुर्च्यांचे क्ष-किरणांनी परीक्षण झाले. दिव्याच्या आवरणात दोन मेलेल्या माश्या सापडल्या.

आज हे वाचताना हसू येते. परंतु मोठ्या घटनेला मोठेच कारण असले पाहिजे, ही समजूत केवळ त्या काळच्या मॉस्कोची नव्हती. शीतयुद्धाची कथा सांगताना आपणही तिच्याच आधाराने चालतो.

२५/
आता दोन निर्णयांचा हिशेब मांडू. आधी काळ्याचा.

घोडा एच५ ही चाल ‘प्रतिभेचा स्पर्श’ म्हणून असंख्य लेखांत गौरवली गेली. पण त्याच वर्षीच्या स्कोप्ये ऑलिंपियाडमध्ये युगोस्लाव्ह ग्रँडमास्टर स्वेतोझार ग्लिगोरिच याने लुबोमिर कावालेकविरुद्ध हीच स्थिती पांढऱ्याकडून खेळली. त्याने आपली मोहरी स्पास्कीपेक्षा वेगळ्या क्रमाने मांडली आणि डाव जिंकला. अचूक उत्तर मिळाले तर चाल शंकास्पद ठरते, हे काही महिन्यांतच दिसून आले. मात्र रेक्याविकच्या त्या खोलीत, घड्याळ चालू असताना, ते उत्तर स्पास्कीला शोधायचे होते. ते त्याला सापडले नाही.

२६/
आता पांढऱ्याचा निर्णय. मागच्या खोलीत खेळण्याचा होकार ही स्पास्कीची घोडचूक होती, असे आज जवळपास सगळेच म्हणतात. उतारवयात खुद्द स्पास्कीनेही मुलाखतींतून तसे बोलून दाखवले. त्या होकाराने प्रतिस्पर्ध्याला पुन्हा उभे राहण्याची जागा मिळाली, आणि अटी फिशर ठरवतो हे दोघांनाही कळले, हा युक्तिवाद वजनदार आहे.

तरीही त्या दिवशी त्याच्यापुढे काय होते ते आठवा. दोन गुणांची आघाडी. या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एकही पराभव नाही. हाती पांढरी मोहरी. आणि न खेळलेल्या डावांवर किताब राखण्याची नकोशी शक्यता. त्या घडीला ‘खेळू या’ म्हणणारा माणूस मूर्ख कसा ठरतो?

२७/
स्पास्की तिसरा डाव जिंकला असता, तर हाच होकार खिलाडूवृत्तीचा आणि आत्मविश्वासाचा नमुना म्हणून शिकवला गेला असता. फिशर हरला असता, तर घोडा एच५ ही चाल पहिल्या डावातल्या त्या अडकलेल्या उंटाशेजारी, वेडाचारांच्या यादीत बसली असती. पटावरील अकरावी चाल तीच, खोलीतला होकारही तोच. बदलला असता तो केवळ निकाल.

इतिहास वाचताना आपल्याला शेवट आधीच ठाऊक असतो. ज्यांच्याविषयी आपण वाचतो, त्यांना तो ठाऊक नसतो. या एका फरकाने आपले बरेच निवाडे वाकडे होतात.

२८/
शीतयुद्धाच्या चौकटीतही हा डाव नीट बसत नाही. ‘सोव्हिएत यंत्रणेचा प्रतिनिधी’ म्हणून ज्याच्याकडे पाहिले गेले, तो आपल्या यंत्रणेच्या मनाविरुद्ध वागला म्हणून सामना वाचला. ‘स्वतंत्र जगाचा वीर’ ठरलेल्याला पटापर्यंत आणण्यासाठी एका ब्रिटिश धनिकाचा पैसा, वॉशिंग्टनचा दूरध्वनी आणि सोव्हिएत प्रतिस्पर्ध्याचा उदारपणा, तिन्ही लागले. राष्ट्रांची स्पर्धा खरी होती. पण १६ जुलैच्या दुपारी काय होणार, हे तिने ठरवले नव्हते.

२९/
उत्तरकथा थोडक्यात. पराभवानंतर स्पास्कीला काही काळ परदेशी खेळण्यास मज्जाव झाला. १९७३ मध्ये त्याने सोव्हिएत राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले, पुढे १९७६ मध्ये तो फ्रान्सला गेला. फिशरने किताबासाठी पुन्हा खेळण्यास नकार दिला आणि १९७५ मध्ये अनातोली कार्पोव्ह न खेळताच जगज्जेता झाला. १९९२ मध्ये दोघे युगोस्लाव्हियात पुन्हा खेळले. तिथे निर्बंध लागू असल्याने अमेरिकेने फिशरवर अटकेचे फर्मान काढले.

२००४ मध्ये फिशरला जपानमध्ये अटक झाली. तेव्हा स्पास्कीने अमेरिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिले : मलाही अटक करा, त्याच्याच कोठडीत ठेवा आणि एक पट द्या.

३०/
२००५ मध्ये आइसलँडने फिशरला नागरिकत्व दिले. २००८ मध्ये रेक्याविकमध्येच त्याचा मृत्यू झाला. अखेरच्या वर्षांत त्याने केलेली यहुदीद्वेषी वक्तव्ये त्याच्या चाहत्यांनाही झाकता येत नाहीत, आणि झाकू नयेत. स्पास्की २०२५ च्या फेब्रुवारीत गेला.

दोघांच्या नावे हा डाव कायम राहील. निकालाच्या रकान्यात काळ्याचा विजय आहे. डाव झाला तो मात्र पांढऱ्याने हो म्हटले म्हणून, आणि हे सांगायला त्या तक्त्यात जागा नसते.

३१/
वाचकहो, घरी पट असेल तर हा डाव मांडून पाहा. चाली सर्वत्र उपलब्ध आहेत. अकराव्या चालीपर्यंत या, पांढऱ्या बाजूला बसा आणि पुढचे काहीच ठाऊक नाही असे समजून ठरवा : तो घोडा तुम्ही खाल्ला असता का? आणि त्याआधी, मागच्या खोलीत जायला तुम्ही तयार झाला असता का?

आपली उत्तरे कारणांसह जरूर लिहा.

धागा समाप्त.